पकडला म्हणजे सापडला का?

११ जुलै २००६ची संध्याकाळ. पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत काही मिनिटांत सात स्फोट झाले. फर्स्ट क्लासचे डबे फाटले, १८९ माणसं गेली, आठशेहून जास्त जखमी झाली. दुसऱ्या दिवशी मुंबई कामावर गेली. तिच्या हिमतीचं कौतुक करून आपण मोकळे झालो.

दहशतवादविरोधी पथकानं, म्हणजे एटीएसनं, १३ जणांना पकडलं. २०१५मध्ये मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयानं त्यातल्या १२ जणांना दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. न्याय झाला, असं सगळे म्हणाले.

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठानं बाराही जणांची शिक्षा रद्द केली. सरकार पक्ष गुन्हा सिद्ध करण्यात सपशेल अपयशी ठरला, असं निकालात म्हटलं. बारांपैकी एक जण २०२१मध्येच नागपूरच्या तुरुंगात असताना कोविडनं गेला होता. तो निर्दोष ठरला, तेव्हा सुटायला तो उरला नव्हता.

निकालाच्या रात्री टीव्हीवर दोन तट पडले. एक म्हणाला, दहशतवादी सुटले. दुसरा म्हणाला, निरपराध सुटले. तिसरा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

मग स्फोट केले कुणी?

राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलैला तिथं एवढंच ठरलं की, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही आणि सुटलेल्यांना परत तुरुंगात जायची गरज नाही. १८९ घरांच्या हाती १९ वर्षांनी काय आलं? आणखी एक तारीख.

आता खटला कशानं कोसळला ते बघा. मोक्काखाली घेतलेले कबुलीजबाब. उच्च न्यायालयाला त्यांत एकसारखे, उतरवून काढल्यासारखे भाग दिसले. छळाच्या तक्रारीत तथ्य दिसलं. वेगवेगळ्या माणसांचा पश्चात्ताप शब्दाला शब्द जुळत असेल, तर लेखक कोण हा प्रश्न पडणारच.

ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. टॅक्सीचालकांनी शंभराहून जास्त दिवसांनी चेहरे ओळखले. मुंबईतला टॅक्सीवाला दिवसाला किती चेहरे बघतो? तुम्ही गेल्या आठवड्यात ज्या रिक्षात बसलात, तिच्या चालकाचा चेहरा आठवून बघा.

स्फोटकं जप्त झाली, कुकर जप्त झाले. पण मुद्देमालाचं सील आणि ताबा शंकेच्या पलीकडे नव्हता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, बॉम्ब नेमका कुठल्या प्रकारचा होता हेच सरकार पक्षानं नोंदीवर आणलं नाही. बॉम्ब कुठला ते ठरलं नाही, मग जप्त केलेला माल त्याचाच हे कसं ठरणार?

यातला एकही मुद्दा अवघड नाही. सील नीट लावा, परेड वेळेत घ्या, माणसाला मारू नका. साधी कामं. ती झाली नाहीत आणि देशातल्या इतक्या मोठ्या गुन्ह्याचा खटला मोडला.

कच्चा पुरावा आरोपीवर अन्याय करतो, हे आपण ऐकलंय. तो मेलेल्यांवरही तेवढाच अन्याय करतो, हे कुणी सांगत नाही. गुन्हा उघडकीला आल्याचा नुसता देखावा उभा राहिला, तर खरा धोका मोकाट फिरत राहतो. निकालाच्या सुरुवातीलाच न्यायमूर्तींनी हे बजावलंय. ते वाक्य प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावायला हवं.

आणि प्रत्येक घरातल्या टीव्हीशेजारीही.

दहा दिवस गेले. ३१ जुलै २०२५ला मालेगावच्या २००८च्या स्फोटाचा निकाल आला. सातही आरोपी पुराव्याअभावी सुटले. आणि काय झालं? दहा दिवसांपूर्वी टाळ्या वाजवणारे आणि शिव्या देणारे, दोघांनी जागा बदलल्या. पुरावा कुणी वाचला? आरोपींची आडनावं मात्र सगळ्यांनी वाचली.

मालेगावात २००८ साली सहा माणसं मेली होती. त्यांना मारणारा कोण, हे सतरा वर्षांनीही ठरलेलं नाही.

त्याच मालेगावात ८ सप्टेंबर २००६लाही स्फोट झाले होते. तेव्हा एटीएसनं मुस्लिम तरुणांना पकडलं. पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेनं (एनआयए) वेगळ्याच माणसांवर आरोप ठेवले. २०१६मध्ये विशेष न्यायालयानं आधी पकडलेल्यांना दोषमुक्त केलं. एक गुन्हा, दोन पूर्ण वेगळ्या कहाण्या. दोन्ही खऱ्या असू शकत नाहीत, एवढं तर शाळकरी पोरालाही कळतं.

बॉम्बस्फोट म्हणजे राजकारण आलंच, असं म्हणून कुणी सुटका करून घेईल. ठीक. राजकारण नसलेला खटला घेऊ.

५ जून २००३, नाशिक जिल्हा. पेरूच्या बागेतल्या झोपडीत राहणाऱ्या कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून, बलात्कार. आई आणि एक मुलगा कसेबसे वाचले. असा गुन्हा ऐकला की कुणाचंही डोकं फिरेल. पोलिसांवर दबाव आला. सहा जणांना अटक झाली. सगळे भटक्या जमातीतले, गरीब, वकील करायची ऐपत नसलेले.

२००६मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. २००७मध्ये उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना पुन्हा फाशी दिली. तीन पायऱ्या, तिन्हीकडे दोषी. आता शंका कुठे उरली?

शंका पहिल्या दोन दिवसांतच कागदावर होती.

वाचलेल्या आईनं ७ जूनलाच पोलिसांच्या छायाचित्रांच्या फाइलमधून चार माणसं ओळखली होती. हे चौघं आरोपींपैकी नव्हते. या चौघांचा माग कुणी काढला? कुणीच नाही. कागद पोलिसांकडे होता आणि फास दुसऱ्यांच्या गळ्यात होता.

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आपलाच निकाल फिरवला आणि सहाही जणांना निर्दोष सोडलं. जवळपास सोळा वर्षं तुरुंगात गेली, त्यातली बरीच फाशीच्या सावलीत. एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही उशिरानं कळलं. राज्यानं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला.

हिशेब करा. पाच लाख भागिले सोळा वर्षं. दिवसाला नव्वद रुपयेही होत नाहीत.

आणि त्या आईला काय मिळालं? तिनं दाखवलेले चौघं कुठे गेले, हे विचारायला सोळा वर्षांनी उशीर झाला होता. इथं पोलीस आरोपीवर कठोर होते आणि पीडितेचंच ऐकत नव्हते. ‘पीडितांच्या बाजूनं’ बोलणाऱ्यांनी हा निकाल एकदा वाचावा.

भटक्या जमातीचा माणूस म्हणजे आधीच संशयित. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं हा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायद्यातून गेला. ठाण्यातून गेला का? पारध्यांच्या कुठल्याही वस्तीत जाऊन विचारा. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठे थांबते, ते तिथलं लहान मूलही सांगेल.

आता कबुलीकडे वळू. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही. हा नियम इंग्रजांनी १८७२च्या पुरावा कायद्यात घातला, कारण त्यांचा आपल्याच पोलिसांवर भरवसा नव्हता. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. हा नियम त्यातही आहे. दीडशे वर्षांत राज्य बदललं, झेंडा बदलला, अविश्वास तसाच राहिला.

मोक्कानं मात्र १९९९मध्ये दार उघडलं. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली चालेल, असं ठरलं. अधिकाऱ्याच्या खांद्यावरचे तारे वाढले म्हणून कोठडीतल्या माणसाची भीती कमी होत नाही. कबुली देऊन त्याला परत त्याच कोठडीत जायचं असतं.

कबुली चालत नसली, तरी तिच्यातून जे सापडतं ते चालतं. पूर्वीचं कलम २७, आता कलम २३चं परंतुक. म्हणून निवेदन पंचनाम्यात आरोपी म्हणतो की, लपवून ठेवलेला चाकू मी काढून देतो. कोल्हापूरचा आरोपी असो की गडचिरोलीचा, मराठी तीच, क्रियापदंही तीच.

हे सगळे आरोपी एकाच शाळेत शिकले का?

मग पंच. कायदा म्हणतो, झडतीच्या वेळी त्याच भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हवेत. प्रत्यक्षात ठाण्याजवळच्या टपरीवरचा ओळखीचा माणूस येतो आणि लिहिलेल्या कागदावर सही करतो. तोच माणूस दुसऱ्या खटल्यातही पंच असतो, तिसऱ्यातही. वकील उलटतपासणीत एवढंच विचारतात की, आजवर किती वेळा पंच झालात? खटला तिथंच लंगडायला लागतो.

दुसऱ्या दिवशी बातमी येते : पंच फितूर. जो मुळात तिथं हजरच नव्हता, तो फितूर कसा होईल?

यावर तोडगा म्हणून गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना पंच करा, असा आदेश राज्यानं २०१५मध्ये काढला. माणूस नोकरीत आहे, फिरणार नाही, हा हिशेब. पण सरकारी पगारावरच्या माणसाला पोलिसांविरुद्ध खरं बोलायची वेळ आली तर? न फिरणारी साक्ष आणि खरी साक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपणही कमी नाही. शेजारी चोरी झाली, पोलीस पंच म्हणून या म्हणाले, की आपल्याला तातडीनं गावी जायचं असतं. कारण ठाऊक असतं. पाच वर्षांनी समन्स येणार, रजा टाकायची, दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचं आणि संध्याकाळी पुढची तारीख. साक्षीदाराला असं वागवणाऱ्या व्यवस्थेला साक्षीदार मिळत नाहीत, यात नवल कसलं?

पोलिसाची बाजूही ऐका. एका तपास अधिकाऱ्याकडे गुन्ह्यांचा ढीग, वर बंदोबस्त. गणपती, निवडणूक, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा. तपासाला वेळ कधी द्यायचा? पत्रकार परिषदेची घाई मात्र वरून असते. आठ दिवसांत आरोपी हवा, असं वरिष्ठ सांगतात, वरिष्ठांना मंत्री सांगतात आणि मंत्र्यांना आपण सांगतो.

म्हणजे थर्ड डिग्रीची मागणी कुठून सुरू होते?

पत्रकार परिषद आठवा. टेबलावर जप्त माल, मागे बुरख्यातले आरोपी, पुढे कॅमेरे. त्या बुरख्यामागच्या चेहऱ्याची पुढे ओळख परेड व्हायची असते आणि तोवर तो चेहरा मोबाइलवरून गावभर झालेला असतो. बचाव पक्षाला आयता मुद्दा कोण देतं? ज्यांना आरोपी फासावर हवा असतो, तेच.

चेहरा ओळखणं ही गोष्ट किती कच्ची असते, याचं उत्तर अमेरिकेनं फार मोठी किंमत देऊन मिळवलं. इनोसन्स प्रोजेक्ट या संस्थेनं तिथं डीएनएमुळे निर्दोष ठरलेल्या ३७५ खटल्यांचा हिशेब मांडला. त्यांतल्या ६९ टक्के खटल्यांत साक्षीदारानं चुकीचा माणूस ओळखला होता. २९ टक्क्यांत खोटी कबुली होती. हे साक्षीदार खोटारडे नव्हते. त्यांची खात्री पक्की होती, माणूस चुकीचा होता.

खात्री आणि सत्य यांत एवढं अंतर असतं.

आणि डीएनए फौजदारी तपासात पहिल्यांदा वापरला, तेव्हा त्यानं काय केलं? १९८६, ब्रिटनचं लेस्टरशर. दोन मुलींच्या खुनांचा तपास चालू होता. १७ वर्षांच्या एका मुलानं त्यातल्या एका खुनाची कबुली दिली होती. चाचणीत निघालं की दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे आहेत आणि तो माणूस हा मुलगा नाही. खरा खुनी पुढे सापडला आणि १९८८मध्ये त्याला शिक्षा झाली. शास्त्रानं आधी निरपराध सोडवला, मग गुन्हेगार पकडला. ही दोन्ही एकच काम आहेत.

पण शास्त्राच्या नावाखाली आलेलं सगळं डोक्यावर घ्यायचं नसतं. जून २००८, पुण्याचं सत्र न्यायालय. एका तरुणीला खुनाबद्दल जन्मठेप झाली. पुराव्यांत तिच्या मेंदूच्या लहरींची चाचणी होती. प्रश्न ऐकल्यावर मेंदूला ‘अनुभव’ आठवला, म्हणून गुन्हा तिनंच केला, असा हा दावा. जगभर त्याची बातमी झाली. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं अशा चाचण्या शास्त्रीय नाहीत, म्हणून थांबवा असं सांगितलं. पुढे उच्च न्यायालयानं तरुणीला जामीन दिला.

आधी शिक्षा, मग शास्त्र. क्रम उलटा झाला.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी खटल्यात ठरवलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. तरी आजही एखादा खून गाजला की पहिली आरोळी काय येते? ‘नार्को करा, सगळं बाहेर येईल.’ इंजेक्शन दिलेला माणूस बडबडतो. बडबड म्हणजे पुरावा नव्हे, हे कितीदा सांगायचं?

बनावट शास्त्राचा मार फक्त आरोपीला बसतो, असं समजू नका. बलात्काराच्या तपासणीत दोन बोटांची चाचणी वर्षानुवर्षं चालली. तिनं गुन्ह्याबद्दल काहीही सिद्ध होत नव्हतं, फक्त बाईची बेअब्रू होत होती. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतल्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. सर्वोच्च न्यायालयानं २०१३मध्ये ही चाचणी चुकीची ठरवली आणि ऑक्टोबर २०२२मध्ये पुन्हा सांगितलं की, ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. एकच गोष्ट नऊ वर्षांत दोनदा सांगावी लागली, यावरून पहिल्यांदा किती जणांनी ऐकलं ते कळतं.

आता सगळ्यात लोकप्रिय तोडगा. पुरावा नको, खटला नको, चकमक हवी.

नोव्हेंबर २०१९, हैदराबाद. तरुण पशुवैद्यक मुलीवर बलात्कार आणि खून. देश पेटला. काही दिवसांत चारही संशयित पोलिसांच्या गोळीनं मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयानं आयोग नेमला. अध्यक्ष होते आपल्या विदर्भातले निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. त्यांचा अहवाल २०२२मध्ये बाहेर आला. चकमकीची कहाणी रचलेली आहे, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा आणि मेलेल्यांतले तिघे अल्पवयीन होते, असं अहवाल म्हणतो.

ते चौघं दोषी असतील. नसतीलही. खटलाच झाला नाही, त्यामुळे हे कायद्याला कधीच कळणार नाही. गोळीनं आरोपी मरतो आणि त्याच्याबरोबर पुरावाही.

सप्टेंबर २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचाराचा आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. पेढे वाटले गेले. जानेवारी २०२५मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालानं पाच पोलिसांना त्या मृत्यूला जबाबदार धरलं. त्या दोघींना भर न्यायालयात सिद्ध झालेला न्याय मिळायला हवा होता. तो हक्क पेढे वाटणाऱ्यांनी परस्पर सोडून दिला.

कुणी विचारलं होतं त्यांना?

‘आरोपी तांत्रिक मुद्द्यावर सुटला’ हे वाक्य तर आपण जपासारखं म्हणतो. कुठला तांत्रिक मुद्दा? नमुना कुणाच्या ताब्यात होता, ही तांत्रिक बाब? परेड कधी झाली, ही तांत्रिक बाब? सही कुणी कधी केली, ही तांत्रिक बाब? याच बाबींवरून ठरतं की समोर उभा असलेला माणूस तोच आहे की दुसराच. तंत्र काढून टाकलं तर उरतो फक्त पोलिसांचा शब्द. तुमच्या मुलाला उद्या कुणी उचलून नेलं, तर तेवढा शब्द तुम्हाला पुरेल का?

आणि ‘माझा मुलगा कशाला अडकेल’ हे म्हणू नका. देशातल्या तुरुंगांत २०२२च्या अखेरीस ५,७३,२२० कैदी होते. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांवरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. या सगळ्यांच्या आयाही ‘माझा मुलगा कशाला अडकेल’ असंच म्हणत असतील.

नव्या कायद्यांत काही चांगलं आहे, ते मान्य करू. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता सक्तीचं आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जायलाच हवं. महाराष्ट्रानं २०२५मध्ये फिरत्या न्यायवैद्यक व्हॅन रस्त्यावर आणल्या. उत्तम. व्हॅन नमुना गोळा करेल. तो तपासायला प्रयोगशाळेत माणसं कुठे आहेत?

रासायनिक विश्लेषकाचा (सीए) रिपोर्ट यायचाय, म्हणून लटकलेली प्रकरणं कुठल्याही सत्र न्यायालयात मोजा. रक्ताचा डाग वाट बघतो, साक्षीदाराची आठवण बघत नाही.

आणि न्यायवैद्यक माणूस पोचेपर्यंत घटनास्थळी काय झालेलं असतं? पुढारी येऊन गेलेले, वाहिन्यांचे कॅमेरे आत शिरलेले, शेजारीपाजारी चपला घालून फिरून गेलेले, मोबाइलवर फोटो काढलेले. खुन्याच्या पायाचा ठसा अर्ध्या गल्लीच्या पायाखाली जातो. पिवळी फीत ओलांडणारा प्रत्येक जण खुन्याला मदत करतो, मग तो आमदार का असेना.

कोठडीचं काय? डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासकट चित्रण करणारे सीसीटीव्ही लावा, अंधारातही दिसेल असे, आणि चित्रण अठरा महिने जपा. सप्टेंबर २०२५मध्ये त्याच न्यायालयाला बंद पडलेल्या कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली. चौकातला कॅमेरा तुमचं हेल्मेट अचूक टिपतो, दंडाची पावती मोबाइलवर येते. लॉकअपसमोरचा कॅमेराच नेमका कसा बंद पडतो?

कोठडीत मारहाण झाली नाही, असं पोलीस म्हणतात. फार छान. मग कॅमेरा हा पोलिसांचाच सगळ्यात मोठा साक्षीदार. त्याला जिवंत ठेवा.

शेवटी भरपाई. विधी आयोगानं ऑगस्ट २०१८मध्ये २७७वा अहवाल दिला. खोट्या किंवा चुकीच्या खटल्यात अडकलेल्यांना भरपाई मिळण्यासाठी कायदा करा, ती मिळवण्याची ठरलेली रीत करा, असं त्यात सांगितलं. त्यानंतर तीन नवे फौजदारी कायदे आले. दंड संहितेचं नाव बदललं, कलमांचे क्रमांक बदलले. हा कायदा मात्र झाला नाही.

शंभर रुपयांचं बिल चुकलं तर वीज कंपनी पुढच्या महिन्यात वळतं करते. सोळा वर्षं चुकली तर सरकार काय वळतं करणार? आज नाशिकच्या सहा जणांना प्रत्येकी पाच लाखांचा आदेश मिळाला, कारण न्यायमूर्तींना तसं वाटलं. उद्या दुसऱ्या कुणाला काहीच मिळणार नाही. हक्क न्यायमूर्तींच्या मनावर सोडायचा नसतो.

आणि चुकीचा तपास करणाऱ्याचं काय होतं? नाशिकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं दोषी अधिकाऱ्यांवर विभागीय कारवाई करा, असंही सांगितलं होतं. ते अधिकारी एव्हाना निवृत्तही झाले असतील. खोटा तपास सिद्ध झाला की पदक, बढती, निवृत्तिवेतन यांची फेरतपासणी आपोआप व्हायला हवी. मग बघा, सील कसं नीट लागतं.

मागण्या फार नाहीत. प्रत्येक ठाण्यात चालू कॅमेरा आणि बंद पडला तर ठाणेदार जबाबदार. तपास आणि बंदोबस्त यांची माणसं वेगळी. प्रयोगशाळा पोलिसांपासून स्वतंत्र आणि तिथली पदं भरलेली. कबुलीवर उभा खटला न्यायालयानं पहिल्याच दिवशी संशयानं तपासावा. साक्षीदाराची साक्ष तारखेलाच घ्यावी. चुकीच्या कैदेला भरपाईचा कायदा पुढच्याच अधिवेशनात यावा.

यात क्रांती कुठली आहे? पैसा लागेल. पण १९ वर्षं चालून शेवटी शून्यावर आलेल्या खटल्याला किती पैसा लागला, तोही मोजा.

आणि वाचकहो, आपल्या वाट्याचंही काम आहे. पुढचा मोठा गुन्हा घडेल, चोवीस तासांत कुणाला तरी पकडल्याची बातमी येईल, मोबाइलवर त्याचा फोटो फिरेल. तो पुढे पाठवू नका. घटनास्थळी गर्दी करू नका. पंच म्हणून बोलावलं तर जा, पण आधी बघा, मग वाचा आणि मगच सही करा. आणि पकडला अशी बातमी वाचली की टाळी वाजवण्याआधी एकच विचारा : पुरावा काय?

लोकलमध्ये मेलेल्या १८९ जणांसाठी हा प्रश्न २००६मध्येच सगळ्यांनी मोठ्यानं विचारायला हवा होता.